शुक्रवारी निघालेली मेल रविवारी का पोहोचली?

नाशिकहून द्राक्षे निर्यात करणाऱ्या एका लहान फर्ममध्ये कागदपत्रांचे काम पाहणाऱ्या भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहोत.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी त्यांनी रॉटरडॅममधल्या खरेदीदाराच्या एजंटला इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लॅडिंग (माल जहाजावर चढवल्याचा कागद) आणि फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचे) प्रमाणपत्र यांच्या प्रती फर्मच्या सर्व्हरवरून मेल केल्या. कंटेनर न्हावा शेव्याहून आधीच निघालेला होता. रात्री पावणेअकराच्या सुमारास त्याच सर्व्हरकडून ‘डिलेड’ असा शब्द असलेली इंग्रजी सूचना आली. मेल गेलीच नाही असे समजून त्यांनी ती लगेच दुसऱ्यांदा पाठवली. शनिवारी सकाळी इन्व्हॉइसमधले वजन चुकल्याचे लक्षात आल्याने सुधारित इन्व्हॉइस जोडून तिसऱ्यांदा आणि दुपारी तीच चौथ्यांदा पाठवली. रात्री धीर सुटला, तेव्हा स्वतःच्या खासगी खात्यावरून पाचव्यांदा पाठवली आणि घाईत तिला जुनेच इन्व्हॉइस जोडले गेले. रविवारी दुपारी पाचही प्रती पाठोपाठ पोहोचल्या. सोमवारी एजंटने फर्मच्या मालकांना, म्हणजे सगळे ज्यांना अण्णा म्हणतात त्यांना, वैतागून विचारले की यांतले खरे इन्व्हॉइस कोणते. अण्णांचे म्हणणे असे की शुक्रवारी मेल केलीच नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या दादांचे म्हणणे असे की दर मिनिटाला प्रयत्न व्हावा आणि चार तासांत मेल न गेल्यास ती परत यावी, अशी सेटिंग करून टाकू. निर्णय अण्णांनी पत्रलेखिकेवर सोपवला आहे. सेटिंग बदलावी का, बाहेरची मेलसेवा घ्यावी का, आणि अण्णांपुढे आपली बाजू मांडावी की मुकाट्याने चूक कबूल करावी, असे त्या विचारतात.

ताई,

पत्रासोबत तुम्ही ती सूचना आणि दादांनी काढून दिलेला सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याच्या कामाची नोंदवही, जोडला, हे फार बरे केले. ‘मेल पोहोचत नाही, काय करू’ एवढ्या एका ओळीवर मला अनेकदा अंदाजाने उत्तर द्यावे लागते. तुमच्या बाबतीत कागद समोर आहेत, तेव्हा आधी तेच वाचू.

सूचनेच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की ही केवळ सूचना आहे आणि तुम्हाला मेल पुन्हा पाठवण्याची गरज नाही. त्याखाली असे आहे की संदेश चार तासांहून अधिक काळ पोहोचवता आलेला नाही आणि तो पाच दिवसांचा होईपर्यंत प्रयत्न चालू राहतील. तुमच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स नावाचे सॉफ्टवेअर आहे आणि हा त्याचा ठरीव मजकूर आहे. हंगामाच्या ऐन भरात, दिवसभर कागद जुळवून घरी आलेल्या माणसाने रात्री पावणेअकराला मोबाइलवर ‘डिलेड’ वाचले की पुढचे इंग्रजी वाचले जात नाही, हे मी समजू शकते. तरीही तुमच्या सगळ्या शनिवार-रविवारची गाठ त्या न वाचलेल्या दोन ओळींत आहे. तुम्ही ती सूचना ‘मेल बुडाली’ अशी वाचली. ती सांगत होती की मेल माझ्याजवळ आहे आणि मी ती सोडलेली नाही.

मेलच्या बाबतीत कधीही शंका आली, तर पहिला प्रश्न ‘पोहोचली का’ हा विचारू नये. ‘या घडीला ती कोणाच्या हातात आहे’ हा विचारावा. तुमच्या संगणकातल्या ‘पाठवलेले’ या कप्प्यात मेल दिसली, याचा अर्थ एवढाच की ती तुमच्या फर्मच्या सर्व्हरने घेतली. तो सर्व्हर पुढे एजंटच्या सर्व्हरशी बोलतो, आणि समोरून २५० हा आकडा आला की मेल सुपूर्द झाली असे धरले जाते. हे बोलणे ज्या नियमांनी चालते ते १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले आणि त्यांची सुधारित आवृत्ती आरएफसी ५३२१ या नावाने २००८ साली आली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). तिच्यात एक वाक्य आहे जे मला फार आवडते: २५० म्हणून मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरने ती फुटकळ कारणाने हरवता कामा नये, आणि यंत्र मध्येच बंद पडणे हेही तिथे फुटकळ कारणांतच गणले आहे. सर्व्हरने एकतर मेल पोहोचवावी, नाहीतर ती पोहोचली नाही असे पाठवणाऱ्याला कळवावे. गुपचूप गिळून टाकण्याची तिसरी वाट नियमाने, घातक मेलसारखे अपवाद सोडले तर, ठेवलेली नाही.

समोरच्या सर्व्हरचे उत्तर ४ ने सुरू झाले तर अडचण तात्पुरती असते: पेटी भरली आहे, फार गर्दी आहे, थोड्या वेळाने या. ५ ने सुरू झाले तर नकार कायमचा असतो: या नावाचे इथे कोणी नाही, एवढी मोठी फाइल आम्ही घेत नाही. पाचाचे उत्तर मिळाले की सर्व्हर थांबत नाही, लगेच मेल परत पाठवतो. चाराचे उत्तर मिळाले, किंवा तुमच्या लॉगमध्ये आहे तसे समोरून काही उत्तरच आले नाही, तर तो मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. म्हणजे शुक्रवारी रात्रीचे तुमच्या सर्व्हरचे गप्प बसणे हा निष्काळजीपणा नव्हता. तो दर तासाला त्या दारावर जाऊन येत होता. लॉगमधल्या नोंदी मी मोजल्या. मूळ मेलसाठी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार चाळिशीच्या वर प्रयत्न झालेले आहेत.

आता दादांच्या प्रस्तावाकडे येते. त्यात दोन वेगळी घड्याळे एकत्र झाली आहेत आणि तिसऱ्याचा उल्लेखच राहिला आहे.

तिसरे म्हणजे सगळ्यांत लहान घड्याळ, संभाषण चालू असताना समोरच्याच्या उत्तराची वाट किती पाहायची याचे. यासाठी नियमात मिनिटे दिलेली आहेत: पहिल्या नमस्काराला ५ मिनिटे, पाठवणाऱ्याचा पत्ता सांगितल्यावर ५, घेणाऱ्याचा पत्ता सांगितल्यावर ५, मजकूर पाठवू का विचारल्यावर २, मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला ३, आणि सगळा मजकूर संपल्यावर तब्बल १०. मजकूर संपला हे सर्व्हर कसे सांगतो, तर एका ओळीवर फक्त एक टिंब देऊन. त्या टिंबानंतर समोरचा सर्व्हर मेल तपासतो, डिस्कवर उतरवतो आणि मग २५० म्हणतो. समजा तो हे काम सावकाश करत आहे आणि आपण दोन मिनिटांतच कंटाळून फोन ठेवला. त्याने तर मेल घेतलेली असते, पण आपल्याला २५० ऐकू आलेले नसते. आपण तीच मेल पुन्हा पाठवतो आणि घेणाऱ्याच्या पेटीत एकाच्या दोन होतात. हा दोष क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ साली आरएफसी १०४७ मध्ये मांडला होता. शेवटच्या टिंबाला दहा मिनिटे देण्यामागे हेच कारण आहे. एकच मेल तीनदा आल्याची तक्रार करणाऱ्या इतर वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण त्यांच्याकडे पाठवणारा दर वेळी विसरभोळा असतोच असे नाही. दादांना या घड्याळाला हात लावू देऊ नका. त्यांनी तसे सुचवलेलेही नाही, पण ‘सगळेच वेगवान करू’ अशा उत्साहात कधीतरी तो लागतो.

दुसरे घड्याळ दोन प्रयत्नांमधल्या अंतराचे. नियम म्हणतो की साधारणपणे किमान अर्धा तास थांबावे. पोस्टफिक्स सुरुवातीला याहून चपळ असते: पहिला पुनर्प्रयत्न पाच मिनिटांच्या आसपास, मग मेल जितकी जुनी तितके पुढचे अंतर, म्हणजे सुरुवातीला अंतर साधारण दुप्पट होत जाते, आणि ४००० सेकंदांवर, म्हणजे एक तास सहा मिनिटे चाळीस सेकंदांवर, ते स्थिरावते. आता हिशेब करू. तुमची मूळ मेल ४३ तास आणि ८ मिनिटे रांगेत होती. लॉगप्रमाणे एजंटचा सर्व्हर रविवारी दुपारी १ वाजून २० मिनिटांनी जागा होता, कारण तुमची सुधारित इन्व्हॉइसची प्रत त्या वेळी स्वीकारली गेली. मूळ मेलची पाळी १ वाजून ५० मिनिटांनी आली. दर मिनिटाला दार ठोठावले असते तर मूळ मेलचा जास्तीत जास्त तासाभराचा वेळ वाचला असता, आणि तोही रविवारी, रॉटरडॅमच्या सकाळी, जेव्हा त्या कार्यालयात दिवा लावायलाही कोणी नव्हते. बाकीचे बेचाळीस तास समोरचा सर्व्हर बंद असण्याचे आहेत. ते तुमच्या सर्व्हरने कितीही धडपड केली असती तरी कमी झाले नसते.

या एका तासाची किंमत काय, तेही पाहा. एकट्या मूळ मेलमागे अडीच हजारांवर प्रयत्न, आणि तुमच्या सर्व्हरच्या रांगेत अशा चार प्रती. लासलगावला किंवा पिंपळगावला लिलावाच्या दिवशी बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते, तिथे शेवटच्या ट्रॅक्टरने हॉर्न दाबून धरला म्हणून वजनकाटा पुढे सरकत नाही. फाटकावरच्या माणसाच्या लक्षात मात्र तो नंबर राहतो. सातपूरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे मेल सर्व्हर सांभाळला आहे आणि हे मी स्वतः करून बसलेली आहे. एका मोठ्या ग्राहकाचा सर्व्हर बंद होता, वरिष्ठ माझ्या खुर्चीमागे उभे होते, आणि काहीतरी करते आहे असे दिसावे म्हणून मी दर दोन मिनिटांनी सगळी रांग पुढे ढकलण्याची आज्ञा देत राहिले. तो सर्व्हर जागा झाला आणि आमच्या एकाच पत्त्यावरून आलेला लोंढा पाहून त्याने ४२१ म्हणून दार लावून घेतले. इतर पुरवठादारांच्या मेल गेल्या, आमच्या दुपारपर्यंत अडकल्या. वरिष्ठांना मी ते कारण त्या दिवशी सांगितले नव्हते.

काही सर्व्हर तर मुद्दामच अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा ‘नंतर या’ म्हणतात. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात आणि २००३ साली इव्हान हॅरिस यांनी ही युक्ती मांडली. कचरा मेल पाठवणारी यंत्रे बहुधा परत येत नाहीत, खरा सर्व्हर येतो, एवढ्यावर ती उभी आहे. ठरलेली मुदत, जी बऱ्याच ठिकाणी पाचेक मिनिटांची असते, ती उलटण्याआधी कितीही वेळा आलात तरी उत्तर तेच मिळते. नव्या ग्राहकाला पाठवलेली पहिली मेल दहा-पंधरा मिनिटे उशिरा पोहोचली आणि नंतरच्या लगेच गेल्या, तर त्याचे कारण बहुधा हे असते; त्यावर उपाय शोधू नये.

पहिले घड्याळ, म्हणजे हार कधी मानायची याचे, ते दादांना पाच दिवसांवरून चार तासांवर आणायचे आहे. हा प्रस्ताव मात्र मी अजिबात मान्य करू नका असे सांगेन. शुक्रवारी ही सेटिंग असती तर रात्री पावणेअकराला तुमच्या हाती ‘उशीर होत आहे’ याऐवजी ‘मेल परत केली’ अशी सूचना पडली असती आणि सर्व्हरने ती मेल रांगेतून काढून टाकली असती. रविवारी जी मेल कोणी हात न लावता आपोआप पोहोचली, ती पोहोचलीच नसती. नियमातही मुदत साधारण चार-पाच दिवसांची असावी असेच म्हटले आहे, आणि त्यामागचा विचार साधा आहे: कोणाचा तरी सर्व्हर शुक्रवारी संध्याकाळी बंद पडतो आणि सोमवारी माणूस कामावर येऊन तो सुरू करतो. चार तासांची मुदत म्हणजे जगातल्या प्रत्येक शनिवार-रविवारला तुमची मेल परत.

याला दुसरी बाजू आहे, ती लपवत नाही. मेल पाच दिवस रांगेत राहून मग परत आली, तर पाच दिवस वाया जातात. विशेषतः पत्त्यातल्या डोमेनचे, म्हणजे @ या खुणेनंतरचे, नाव चुकले आणि त्या चुकीच्या नावाचे डोमेन खरोखरच कोणीतरी घेऊन ठेवलेले असले, पण तिथे मेल घेणारे कोणी नसले, तर सर्व्हर पाच दिवस त्या रिकाम्या घराच्या फेऱ्या मारत राहतो. म्हणूनच काही सेवा मुदत कमी ठेवतात: मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरची मूळ मुदत दोन दिवसांची आहे आणि त्यांच्या ऑनलाइन सेवेत ती एका दिवसावर आली आहे. तुमच्यासारख्या फर्मसाठी मी पाच दिवस तसेच ठेवीन, आणि अण्णांचा फारच आग्रह असला तर तीनपर्यंत येईन. शनिवार-रविवार पार पडला पाहिजे, ही माझी अट. ज्यांचा सर्व्हर स्वतःच्या कार्यालयात आहे त्यांनी मात्र याची उलटी बाजू पाहावी. दिवाळीत तुमचे यंत्र दोन दिवस बंद राहिले, तर तुम्हाला येणाऱ्या मेल किती काळ थांबतील हे पाठवणाऱ्याचा सर्व्हर ठरवतो, आणि त्याची मुदत एकच दिवस असेल तर त्या मेल परत जातात.

मग चूक कुठे झाली? माझ्या मते ती एका आकड्यात आहे आणि त्याकडे तुमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेलेले नाही. फेब्रुवारीत रॉटरडॅमचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. तुम्ही मेल केली तेव्हा तिथे दुपारचे २ वाजून १२ मिनिटे झाली होती. एजंटचे कार्यालय भरलेले होते आणि आणखी तीनेक तास तसेच राहणार होते. उशिराची सूचना तुमच्यापर्यंत आली तेव्हा तिथे सव्वासहा वाजले होते आणि शुक्रवार संपला होता. सूचना चार तासांऐवजी एका तासावर लावलेली असती, तर तास उलटल्यानंतरच्या पहिल्याच फसलेल्या प्रयत्नाला, म्हणजे रात्री आठच्या सुमारास, ती तुम्हाला मिळाली असती. तेव्हा तिथे साडेतीन वाजले होते. तुम्ही फोन उचलून ‘तुमचा सर्व्हर मेल घेत नाही’ असे सांगितले असते, त्यांनी आपल्या माणसाला हलवले असते, किंवा दुसरा पत्ता दिला असता. बेचाळीस तासांचा उशीर तिथे, त्यांच्या बाजूला, सुटू शकत होता.

म्हणून दादांना सांगा की प्रयत्नांचे अंतर आणि हार मानण्याची मुदत जशी आहे तशी ठेवावी आणि सूचनेची वेळ एक तास करावी. हेही सांगते की पोस्टफिक्समध्ये उशिराची सूचना मुळात बंदच असते. ती कोणीतरी विचारपूर्वक चालू करावी लागते. दादांनी ती केली होती, आणि त्याचे श्रेय त्यांना अण्णांसमोर द्या. एका तासाची सूचना लावल्यावर ग्रेलिस्टिंगच्या दहा-पंधरा मिनिटांसाठी ती येणार नाही, पण महिन्यातून काही वेळा अशा मेलसाठी येईल ज्या पुढच्या प्रयत्नाला जाणारच होत्या. सूचना मिळाली की काय करायचे हे ठरलेले असेल, तर त्याचा त्रास होत नाही. सूचनेत कारण लिहिलेले असते, ते वाचायचे; समोरच्या देशात किती वाजले ते पाहायचे; कार्यालय चालू असेल तर फोन करायचा, बंद असेल तर झोपायचे.

पुन्हा पाठवण्याबद्दल तुम्ही स्वतःला फार बोल लावला आहे, तरी थोडे बोलावे लागेल. नवी प्रत जुनीला मागे टाकून आधी पोहोचेल किंवा तिची जागा घेईल, असे तुम्ही गृहीत धरले. रांगेत तसे काही होत नाही. प्रत्येक प्रतीचे घड्याळ वेगळे चालते, आणि वेगळ्या सेवेवरून पाठवली तर त्या सेवेची चाल वेगळी. म्हणूनच शनिवारी सकाळची सुधारित प्रत रविवारी मूळ मेलच्या अर्धा तास आधी पोहोचली, आणि तुमच्या खासगी खात्यावरची, जुने इन्व्हॉइस असलेली, सगळ्यांत शेवटी. एजंटने शेवटची तीच अखेरची असे मानले, यात त्याची चूक नाही. शिवाय निर्यातीच्या धंद्यात अनोळखी खासगी पत्त्यावरून आलेल्या इन्व्हॉइसकडे संशयाने पाहिले जाते, आणि तसे पाहिलेच पाहिजे. बँक खाते बदलून पैसे लुबाडण्याचे प्रकार याच वाटेने होतात. तुमचे पाऊल निरागस होते, पण पुन्हा कधीही कंपनीचे कागद त्या खात्यावरून पाठवू नका. मेल रांगेत असताना मजकुरात बदल करायचाच झाला, तर दादांना फोन करून जुनी मेल रांगेतून काढायला सांगा. हे त्यांना एका आज्ञेत करता येते, आणि हाच सर्व्हर स्वतःचा असण्याचा मोठा फायदा आहे. बाहेरच्या सेवेत रांग तुम्हाला दिसत नाही. तरी सर्व्हरची निगा, कचरा मेलचा बंदोबस्त आणि दादा गावाला गेले तर काय, हे प्रश्न तुमच्या फर्मला जड जात असतील, तर बाहेरची सेवा जरूर घ्यावी. या एका प्रसंगावरून मात्र घेऊ नये, कारण समोरचा सर्व्हर बंद होता आणि तो कोणत्याही सेवेला बंदच मिळाला असता.

आता अण्णा. ‘शुक्रवारी मेल केलीच नाही’ हे त्यांचे म्हणणे लॉगने खोटे ठरते: ६ वाजून ४२ मिनिटांनी मेल सर्व्हरने घेतल्याची नोंद आणि तिचा रांगेतला क्रमांक तिथे आहे. पण कागद हातात घेऊन जिंकायला जाण्याआधी एक गोष्ट ऐका. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम १३ प्रमाणे, दोन्ही पक्षांत वेगळे काही ठरलेले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या संगणकीय साधनात शिरतो तेव्हा तो रवाना झाला असे धरतात. फर्मचा सर्व्हर फर्मच्याच नियंत्रणात आहे. म्हणजे माझ्या वाचनाप्रमाणे कायद्याच्या भाषेत तुमची मूळ मेल रविवारी १ वाजून ५० मिनिटांनी रवाना झाली. अण्णांनी कायदा वाचून तसे म्हटले नसेल, पण ते अगदीच हवेत बोलत नाहीत. टेंडर, विम्याचा दावा किंवा करारातली मुदत असे काही तारखेवर टांगलेले असेल, तर शेवटच्या संध्याकाळी मेल करून निर्धास्त राहू नये, हा त्याचा अर्थ सगळ्याच वाचकांनी घ्यावा. आणि नेमकी तारीख करारात कशी मोजायची ठरली आहे, ते वकिलाला विचारून घ्यावे.

अण्णांशी बोलताना मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवीन. उशीर तुमच्यामुळे झाला नाही. लॉगचा तो एक कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि ६ वाजून ४२ मिनिटे व १ वाजून ५० मिनिटे या दोन नोंदींखाली रेघ मारा, त्याहून जास्त पाने दाखवू नका. गोंधळ मात्र पाच प्रतींमुळे झाला आणि तो तुमच्या हातून झाला, हे आधी आणि स्वतःहून सांगा. उशिराची कबुली तुम्ही देऊ नये, कारण ती दिलीत तर सूचनेची वेळ बदलण्याची खरी गोष्ट बाजूला पडेल आणि ‘पोरगी विसरली’ एवढ्यावर विषय मिटेल. मुकाट्याने चूक कबूल करण्यात मोठेपणा वाटतो खरा, पण पुढच्या फेब्रुवारीत तीच वेळ पुन्हा येईल.

मेल उघडल्याची पोच मागणारी सोय लावू का, असेही तुम्ही पत्राच्या कडेला लिहिले आहे. ती समोरच्याच्या मर्जीवर असते आणि बरेच जण तिला नकार देतात. तिच्यावर विसंबू नका. त्याऐवजी मेलच्या शेवटी ‘मिळाल्याचे एका ओळीत कळवावे’ असे लिहा आणि कामाच्या वेळेत ती ओळ आली नाही तर फोन करा.

सर्व्हरच्या सेटिंगआधी एक काम आजच करायचे आहे. जहाज अजून समुद्रात आहे आणि एजंटच्या टेबलावर दोन वजनांची दोन इन्व्हॉइसे पडलेली आहेत. फर्मच्या पत्त्यावरून एकच मेल करा. विषयात इन्व्हॉइसचा क्रमांक आणि ‘सुधारित, अंतिम’ हे शब्द असू द्या. मजकुरात लिहा की शुक्रवार ते शनिवार या काळात पाठवलेल्या पाचही मेल रद्द समजाव्यात, त्यांतली एक खासगी पत्त्यावरून गेली होती ती आमचीच होती, आणि सोबतच्या इन्व्हॉइसमधले निव्वळ वजन अमुक इतके आहे. वजन आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही लिहा. मेल दुपारी दीडनंतर पाठवा, म्हणजे तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतील. आणि पाठवल्यावर दहा मिनिटांनी एजंटला फोन करून तो क्रमांक त्याच्याकडून वाचून घ्या.

तुमची,
सदरलेखिका